समुद्रालाही पड टाकावी लागते

मृगाची पेरणी झाली, आर्द्रा बरसून गेल्या, पहिली कोळपणी उरकली की घाटावरच्या शेतकऱ्याला चार दिवसांची सवड मिळते. या सवडीत कोणी पंढरीची वाट धरतो, कोणी लेकीच्या गावाला जाऊन येतो. ज्यांची वारी झाली आहे आणि ज्यांच्या रानाकडे बघायला घरात दुसरे माणूस आहे, त्यांना यंदा एक निराळी वाट सुचवतो. घाट उतरा आणि भर पावसात किनाऱ्याकिनाऱ्याने, मासेमारीची एकेक बंदरे बघत, अलिबागपासून मालवणपर्यंत जाऊन या.

तुम्ही म्हणाल, ही काय कोकणात जायची वेळ झाली? लोक आंब्यासाठी मे महिन्यात जातात, नाहीतर दिवाळी झाल्यावर. पावसात जंजिऱ्याच्या आणि सिंधुदुर्गाच्या होड्या बंद, मासळीबाजार ओस, रस्त्यात दरडी. सगळे खरे आहे. पण शेतकऱ्याने मुद्दाम बघावे असे जे या किनाऱ्यावर आहे, ते याच दिवसांत दिसते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. जमीन दमली की आपण ती वर्षभर पड टाकतो, निदान आपले वाडवडील तरी टाकत होते. इथे सगळा समुद्रच दोन महिने पड टाकलेला असतो. ही पड कोण पाळतो, ती पाळताना त्याच्या घरची चूल कशी पेटते, आणि बांध ओलांडून या पडीत जनावरे घालणारे कोण, हे तुम्हांला तिथे उभे राहिल्यावर चटकन उमजेल. शहरातल्या माणसाला ते समजावून सांगावे लागते.

निघण्यापूर्वी

जीप असो, मोटरसायकल असो की आपली एस.टी., सोबत घोंगडी किंवा रेनकोट घ्याल तसे पंचांगही घ्या. थट्टा नव्हे. किनाऱ्यावरचे सारे वेळापत्रक भरती-ओहोटीवर चालते आणि भरतीची वेळ तिथीवरून काढता येते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, म्हणजे भरती साधारण किती वाजता पूर्ण होईल ते कळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास, आणि त्या दिवसांतली भरती सगळ्यांत मोठी, तिला उधाण म्हणतात. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब घड्याळाच्या काट्याला बांधलेला नाही, पण किनाऱ्यावरची जुनी माणसे याच हिशेबावर चालत आली आहेत आणि तुमचेही त्यावर भागेल.

हे कशासाठी सांगतो? तर उधाणाचे पाणी आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की नदीचे पाणी समुद्रात शिरत नाही, मागे फुगते, आणि किनाऱ्यालगतचे रस्ते बुडतात. अशा दिवशी मुक्काम हलवू नये. रात्रीचा प्रवास तर करूच नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या पाण्यात गेल्या. जुलै २०२१ मध्ये मुरुडच्या वाटेवर काशीदजवळचा लहान पूल वाहून गेला. हवामान खात्याचा लाल इशारा आला की तिथले एस.टी. चालकसुद्धा सबुरी धरतात. आपण पाहुणे, आपल्याला तर कसलीच घाई नाही.

आणखी एक. वाटेत चार मोठ्या खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या आहेत. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. तिथले लोक तिला जंगलजेटी म्हणतात. माणसे, मोटारसायकली, जीप, एवढेच काय मालमोटारही तिच्यावर चढते. पावसातही ही सेवा बहुधा चालू असते, फक्त वादळवाऱ्यात थांबते. धोपाव्याची बोट थांबली तर दाभोळहून गुहागरला जायला दापोली, खेड, चिपळूण असा शंभराहून अधिक किलोमीटरचा वळसा पडतो. म्हणून आधी चौकशी करावी. यांतल्या काही खाड्यांवर आता सागरी महामार्गाचे पूल व्हायचे आहेत. ते झाले की वेळ वाचेल हे खरे, पण खाडीच्या मधोमध, चहूकडून पाऊस कोसळत असताना, बैलगाडीच्या चालीने पुढे सरकणारी बोट पुन्हा मिळायची नाही.

शाकारलेल्या होड्या

अलिबाग सोडले की रेवदंड्याला कुंडलिका नदीच्या मुखावरचा पूल लागतो. पलीकडे साळाव, मग कोर्लई, काशीद, नांदगाव आणि मुरुड. एका हाताला समुद्र, एका हाताला डोंगर, मध्ये भाताची खाचरे. आषाढात लावणी चाललेली असते. देशावरचा माणूस इथे पहिल्यांदा आला की पावसाकडेच बघत राहतो. आपल्याकडे सोलापूर-अहिल्यानगरच्या बाजूला वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटर पडला की आपण देवाला नारळ फोडतो. इथे पावसाळ्यात तीन हजारांच्या आसपास पडतो. तरी उन्हाळ्यात इथल्या बायका हंडे घेऊन विहिरीवर रांगेत असतात, ती गोष्ट निराळी.

मुरुडला आलात की कोळीवाड्यात जा, खाडीपलीकडे एकदऱ्याला जा. पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती म्हणजे होड्या. ज्या होड्या एरवी पाण्यात डुलताना चित्रात बघतो, त्या सगळ्या वाळूवर, घरांच्या अंगणाला लागून, ओंडक्यांवर चढवून ठेवलेल्या. वरून झावळ्यांचे किंवा प्लॅस्टिकच्या कापडाचे छप्पर, दोरांनी आवळलेले. होडी अशी पावसासाठी झाकून ठेवण्याला शाकारणे म्हणतात. आपण घर शाकारतो तोच शब्द, आणि खरोखर त्या माणसांना होडी घरापेक्षा वेगळी वाटतच नाही. आपल्या गोठ्यात बैल जसा घरच्या माणसात मोजला जातो, तशी इथे होडी.

होड्यांशेजारी ओसरीवर पुरुष माणसे जाळी घेऊन बसलेली असतात. वर्षभर खडकाला, खुंटाला अडकून फाटलेले जाळे याच दिवसांत दुरुस्त होते. जाळ्याचा एकेक घर बघून विणायचा, शिसे आणि बोयरे तपासायचे, दोर बदलायचे. यंत्र उघडून स्वच्छ करायचे. श्रावण लागला की होडीला रंग. तुम्ही पाहुणे म्हणून ओसरीला बसलात आणि "तांडेलमामा, रिकामेच म्हणायचे की हे दोन महिने?" असे विचारलेत, तर ते हसतील. उन्हाळ्यात आपण नांगर, तिफण, बांधबंदिस्ती उरकतो, तेव्हा आपल्यालाही कोणी रिकामा म्हणू शकते.

घरात मात्र बायकांच्या हाती सगळा कारभार. या दोन महिन्यांची बेगमी मे महिन्यातच झालेली असते, तिला इथे आगोटीची तयारी म्हणतात. बांबूच्या वलांडीवर उन्हात वाळवलेले बोंबील, सुकट, सोललेल्या कोळंबीचे सोडे, वाकट्या, खारे बांगडे. काही घरात खायला, बाकी विकायला. तुमच्या आठवडी बाजारात टोपलीत सुकट घेऊन बसणारी मावशी जो माल विकते, तो अशाच एखाद्या कोळीवाड्यातून दोन-तीन हात बदलून आलेला असतो. तुम्ही मोजलेल्या पैशांतले ज्या बाईने उन्हात उभे राहून ते वाळवले तिच्या हाती किती पडले असतील, हे भाजीपाला पिकवणाऱ्या माणसाला विचारायला नको.

पावसाळ्यात पैशाची आवक थांबते, पण खर्च थांबत नाहीत. शाळा याच महिन्यात सुरू होतात, होडीची डागडुजी याच महिन्यात, बँकेचा किंवा व्यापाऱ्याचा हप्ताही चुकत नाही. अनेक होड्यांवर मासळी घेणाऱ्या व्यापाऱ्याची आगाऊ रक्कम असते. मग हंगामात मासळी त्यालाच द्यायची, त्याच्या भावाने. आडत्याकडून उचल घेऊन कांदा लावणाऱ्यांना हे कोडे उलगडून सांगायची गरज नाही. २०२० पासूनच्या केंद्राच्या मत्स्य संपदा योजनेत एक तरतूद केली गेली: मच्छीमाराने १५०० रुपये साठवायचे, सरकारने ३००० घालायचे, आणि मंदीच्या तीन महिन्यांत महिना १५०० प्रमाणे ते त्याला परत मिळायचे. नसण्यापेक्षा बरे. पण महिन्याच्या दीड हजारात घर चालते असे ज्यांना वाटते, त्यांनी एक पावसाळा मुरुडच्या कोळीवाड्यात काढून बघावा.

निसर्गची खूण

आगरदांड्याहून दिघीला उतरलात की दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर हा पट्टा लागतो. नारळी-पोफळीच्या वाड्यांचा हा मुलूख. श्रीवर्धनची सुपारी नावाजलेली. शेजारी जीवनाबंदर हे मासेमारीचे बंदर. इथल्या वाड्यांमधून चालताना नीट बघा. मध्येच मोकळ्या जागा दिसतील, झाडे एका वयाची दिसतील. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. काही तासांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या बागा आडव्या झाल्या, छपरे उडाली, होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या. पोफळ लावल्यावर सुपारी हाती यायला पाच-सात वर्षे लागतात, नारळाचेही तसेच. भुईमूग गेला तर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येतो. इथल्या माणसाला तेवढी वर्षे नुसते झाडाकडे बघत बसावे लागले. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले.

वादळाचा इशारा म्हणून बंदरावर बावटा चढतो. "तीन नंबरचा बावटा लागला" हे शब्द इथल्या पोरासोरांना ठाऊक असतात. तीन नंबर म्हणजे बंदरात जोराचा वारा सुटण्याचा धोका, होड्यांनी बाहेर पडू नये. आता लाटांचा इशारा हैदराबादच्या सागर माहिती केंद्राकडून मोबाईलवरही येतो. फायदा झालाच. पण ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आले तेव्हा हंगाम भरात होता आणि होड्या खोल समुद्रात होत्या. रत्नागिरी जिल्ह्यात त्या वादळाचे नाव अजून हळू आवाजात घेतात.

बागमांडल्याहून सावित्रीची खाडी ओलांडली की तुम्ही रत्नागिरी जिल्ह्यात आलात. वेसवी, केळशी, आंजर्ले करीत हर्णैला या. हर्णै म्हणजे या किनाऱ्यावरच्या मासळीच्या लिलावाचे मोठे ठिकाण, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. शेतकऱ्याला इथली एक गोष्ट फार आवडेल. होड्या उथळ पाण्यामुळे थेट काठाला लागत नाहीत, म्हणून हंगामात मासळीच्या टोपल्या आणायला बैलगाड्या समुद्रात जातात. खाऱ्या पाण्यात पोटापर्यंत उतरलेले बैल, चाकाच्या आऱ्यांवर आपटणाऱ्या लाटा, आणि गाडीवान नांगराच्या बैलांना घालावी तशीच हाक घालतो आहे. पावसात मात्र ती पुळण मोकळी. गाड्या जू टेकून उभ्या, बैल गोठ्यात, आणि लिलावाच्या जागी कावळे.

हर्णैच्या होड्या पावसात उघड्या समुद्रावर ठेवणे शक्य नसते, त्यांना आंजर्ल्याच्या खाडीत आसरा घ्यावा लागतो. त्या खाडीच्या तोंडाशी गाळ साचलेला आहे. भरतीला पाणी चढले तरच होडी आत येते. वादळात घाईने आत शिरताना होड्या गाळात रुतून फुटल्याचे प्रकार अनेकदा झाले. आता हा गाळ आला कुठून? काही वाळू समुद्र ढकलतो, आणि काही माती डोंगरउतारावरून नदी आणते. वर बांध फुटला, उतार उघडा पडला, की त्याची किंमत खाली खाडीच्या तोंडाशी एखादा नाखवा मोजतो. दापोलीला १९७२ पासून कोकणचे कृषी विद्यापीठ आहे. शेती आणि मासे या दोन्हींचा अभ्यास त्याच्याच छत्राखाली चालतो, ते किती योग्य आहे हे इथे आल्यावर समजते.

चढणीचे मासे

दापोली-गुहागरच्या भागात पाऊस लागला की दुसराही एक प्रकार बघायला मिळेल. ओढ्यांना पहिले पाणी आले की गोड्या पाण्यातले मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलटे चढतात, ओहोळांतून थेट भाताच्या खाचरात येतात. यांना चढणीचे मासे म्हणतात, रायगडाकडे वलगणीचे. रात्री बत्ती घेऊन, कोयता-काठी घेऊन, सारे गाव ते पकडायला लोटते. फार मजा असते, आणि मासळीही चवदार. पण पकडलेल्या माशांची पोटे अंड्यांनी भरलेली असतात. समुद्रावरच्या कोळ्याला दोन महिने जाळे उचलायला मनाई, आणि बांधावर मात्र विणीची मासळी टोपलीने उचलली जाते. जुन्या लोकांनी याचा विचार केला नसेल असे नाही, पूर्वी ओढे पुष्कळ होते आणि माणसे थोडी. आता ओढ्यावर चढणीचे मासे पूर्वीसारखे येत नाहीत अशी तक्रार तेच लोक करतात. तुम्हांला कोणी या मेजवानीला बोलावले तर जायचे की नाही ते तुमचे तुम्ही ठरवा.

समुद्रातही हेच चक्र आहे. पावसाळ्याच्या आसपास बांगडा, तारली अशा किती तरी मासळीची वीण असते. नद्या सह्याद्रीवरून सेंद्रिय खत आणून ओततात, वाऱ्याने तळचे सकस पाणी वर येते, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि पिल्लांना चारा मिळतो. म्हणजे शेणखत टाकून पेरणी व्हावी तसाच प्रकार. अशा वेळी यंत्राची बोट जाळे ओढीत फिरली तर उगवते शेत तुडवल्यासारखे होईल. शिवाय खवळलेल्या पाण्यात माणसांच्या जिवाला धोका, तो वेगळाच.

दाभोळला वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते. साताऱ्याकडच्या वाचकांना सांगायला हवे, कोयनेचे पाणी वीज करून झाले की पोफळीवरून याच वाशिष्ठीत उतरते. म्हणजे दाभोळच्या खाडीत तुम्ही उभे राहाल त्या पाण्यात थोडे तुमच्या मुलखाचेही आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले, त्या महापुराचे पाणीही याच खाडीने बाहेर पडले. गढूळ तांबड्या पाण्याची आणि करड्या समुद्राची वेस पावसात इथून डोळ्यांनी दिसते.

रत्नागिरीचा मिरकरवाडा

गुहागर, वेळणेश्वर, हेदवी आणि तवसाळवरून जयगड, मग गणपतीपुळे. गणपतीला जरूर जा, पण देवळासमोरच्या पाण्यात पावसात पाऊल टाकू नका. पोहता येत असले तरीही नाही. दरवर्षी पाहुणेच बुडतात, गावकरी नाही, यातच काय ते आले.

आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरीला पोहोचलात की मिरकरवाडा बंदर बघा. आतापर्यंत पाहिलेल्या होड्या आणि इथल्या बोटी यांत फरक आहे. इथे मोठे ट्रॉलर आणि पर्ससीनच्या बोटी शेकड्यांनी, एकीला एक चिकटून, बंदरात कोंडलेल्या. रायगडात ही वस्ती प्रामुख्याने कोळ्यांची होती, इथे खारवी आणि दालदी मुसलमान, पुढे सिंधुदुर्गात गाबीत. धंदा एकच, पण बोली, पदार्थ, जाळ्यांचे प्रकार बदलत जातात.

या मोठ्या बोटींवर काम करणारे खलाशी पुष्कळसे बाहेरचे, नेपाळपासूनचे. बंदी लागली की ते गावी जातात आणि जुलैच्या अखेरीस परततात. मालक त्यांना आधी उचल देतो. उचल घेऊन खलाशी आलाच नाही, किंवा आला तो दुसऱ्याच बोटीवर गेला, ही तक्रार इथे नित्याची. ऊसतोडणीच्या टोळ्यांचे मुकादम ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही गोष्ट नवी वाटणार नाही.

आता भांडणाच्या मुद्द्यावर येऊ. ट्रॉलरचे जाळे समुद्राच्या तळावरून ओढले जाते, वखर फिरवावी तसे. तळाशी जे असेल ते खाऊ मासळीसह सारे वर येते. पर्ससीनचे जाळे माशांच्या थव्याभोवती फिरवतात आणि खालची दोरी ओढून बटव्यासारखे तोंड बंद करतात. सबंध थवा एका वेळी. त्यात रात्री पाण्यावर प्रखर एलईडी दिवे लावून मासळी गोळा करायची युक्ती निघाली. ज्याच्याकडे लहान होडी आणि एक जाळे आहे, त्याने काय करायचे? १९८१ च्या राज्याच्या कायद्याने मासेमारीचे नियमन आणले. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य शासनाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने घालून दिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने दिव्यांच्या मासेमारीला बंदी केली. २०२१ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त करून दंड लाखांत नेला. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा ठरवले आणि ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले. कागद पुष्कळ झाले. पण राज्याची हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर आत, आणि रात्रीच्या अंधारात तिथे राखण करायला गस्तीच्या बोटी अपुऱ्या. कुंपण घालता येत नाही असे हे रान.

बंदीच्या दिवसांबद्दलही वाद आहे. पूर्वी राज्यात १० जून ते १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांत आधी येईल तोपर्यंत बंदी असे. २०१५ पासून देशाच्या पश्चिम किनाऱ्याला ६१ दिवसांचे सूत्र आले. लहान मच्छीमार म्हणतात, पड लांबवा, ९० दिवस करा. मोठ्या बोटीवाल्यांचे कर्ज मोठे, त्यांना एकेक दिवस जड. दोघांचेही हिशेब ऐकले की दोघेही खरे वाटतात. आमचे मत विचाराल तर ज्याचे पोट उद्याच्या मासळीवर आहे त्याचे ऐकावे, कारण त्याला दुसऱ्या किनाऱ्यावर जाता येत नाही. बिनयंत्राच्या पारंपरिक होड्यांना या बंदीतून सूट आहे, पण आषाढातली लाट बघितली की ती सूट किती कामाची हे लक्षात येते. असे लोक मग खाडीत पाग टाकून चार मासे मिळवतात, तेवढाच घरच्या भाताला आधार.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी समकक्ष दर्जा देण्याचे ठरवले. म्हणजे विजेचे दर, कर्ज, विमा यांत मच्छीमाराला शेतकऱ्याच्या पंगतीत बसवले. पंगत कशी आहे हे तुम्हांला ठाऊक आहेच. तरी मान मिळाला हे बरे झाले. डिझेलच्या परताव्यासाठी वर्षवर्ष वाट बघणाऱ्या माणसाला निदान आता आपल्यासारखेच मोर्चे काढता येतील.

देवगड आणि मालवण

रत्नागिरीच्या दक्षिणेला पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग असे खाड्यांमागून खाड्या ओलांडीत देवगडला या. हापूसच्या कलमांचा हा तालुका पावसात हिरवागार आणि सामसूम असतो. बंदर मात्र नैसर्गिकरीत्या फार सुरक्षित. वादळ झाले की गुजरात, कर्नाटक, केरळ, तमिळनाडूच्या बोटी आसऱ्याला इथे येतात. एरवी याच परराज्यांतल्या ट्रॉलरवरून इथले लोक संतापतात, आपल्या हद्दीत येऊन मासळी ओरबाडतात म्हणून. पण बावटा चढला की त्याच बोटींना दोर टाकून बांधून घेतात. विहिरीवरून भांडणारे शेजारी आग लागली की पहिले धावतात, तसेच.

मालवणला दांडीच्या किनाऱ्यावर रापणीच्या होड्या ठेवलेल्या दिसतील. रापण ही सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत सोशिक मासेमारी. होडीने लांबलचक जाळे अर्धगोल टाकीत जायचे, आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून पंचवीस-तीस माणसांनी ओढायचे. मिळेल त्याचे वाटे पडतात, जाळ्याचा, होडीचा, माणसांचा. अडल्यानडल्या माणसाने दोराला हात लावला तर त्यालाही कालवणापुरते मिळते. इर्जिकीला गेलेल्या माणसाला जेवल्याशिवाय पाठवत नाहीत, त्याच जातीची ही रीत. मोठ्या बोटींनी बाहेरच थवे वळवले की रापणीत येते काय, तर पाने आणि जेलीफिश. या किनाऱ्यावर दोन्ही बाजूंचे संघर्ष झाले ते यावरूनच.

नारळी पौर्णिमेला इथे समुद्राला वाजतगाजत नारळ अर्पण करतात. सरकारी बंदी ३१ जुलैला उठते, पण पुष्कळ जुन्या घरांतले तांडेल अजूनही नारळ पडल्याशिवाय होडी लोटत नाहीत. पोळ्याला आपण बैलांना जोडीत नाही, तेव्हा आपल्याला तरी कायद्याने कुठे सांगितलेले असते.

परतीला मालवणहून कणकवली आणि फोंडा घाटाने राधानगरी-कोल्हापूर गाठता येते. घाटात दरडीची चौकशी करूनच गाडी घाला. निघताना थोडी सुकी मासळी घ्या, आणि ती दुकानातून घेण्यापेक्षा कोळणीकडून किंवा गाबतिणीकडून घ्या. घासाघीस बेताची करा. पावसात सुकट हाताला ओलसर लागली किंवा वास आंबूस आला तर घेऊ नका. कोरडी, हाताने कुरकुरीत मोडणारी घ्या. सोडे महाग वाटतील, पण वांग्यात चार टाकले तरी पातेले पुरते. घरी पोहोचलात की पहिल्या उन्हात कापडावर पसरून, मग घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. आणि एस.टी.ने येत असाल तर पिशवी दुहेरी बांधून पायाशी ठेवा, नाहीतर शेजारचा माळकरी प्रवासी कोल्हापूरपर्यंत तुमच्याशी एक शब्द बोलायचा नाही.